‘श्वेत’ हे विशेषण आणि माझ्या भावाचे यकृत

“ही अळंबी खाण्याजोगी आहे, हे कुणी ठरवलं होतं?” अतिदक्षता विभागाच्या दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांनी विचारले.

“मी,” मी म्हणालो.

“तुम्ही वनस्पतिशास्त्राचे का?”

“नाही. संस्कृतचा.”

डॉक्टरांनी माझ्या कपाळावरच्या भस्माकडे पाहिले, मग हातातल्या कागदाकडे. तरुण असूनही त्यांनी माझा पाणउतारा केला नाही. केला असता तर बरे वाटले असते. ते म्हणाले, “गुरुजी, तुमच्या भावाचं लिव्हर, म्हणजे यकृत, निकामी होत चाललं आहे. त्यांनी खाल्लेली अळंबी विषारी होती. पुढचे दोन दिवस निर्णायक आहेत. आकडे असेच वाढले तर पुण्याला न्यावं लागेल, आणि तिथं यकृत बदलण्यावाचून उपाय उरणार नाही.”

बुधवारची दुपार होती. आत काचेपलीकडे माझा धाकटा भाऊ मल्लिनाथ पिवळा होऊन पडला होता.

मी शहात्तर वर्षांचा आहे. रोज पहाटे लिंगपूजा करतो आणि पूजेवरून उठताना क्रोध तिथेच ठेवून उठायचे, हा माझ्या गुरूंनी घालून दिलेला नेम पाळतो. हे लिहिताना तो नेम मोडतो आहे. मुद्दाम मोडू दिला आहे. शांतपणे लिहिलेली हकिकत लोक शांतपणे वाचतात, आणि पुढच्या पावसाळ्यात बुट्टी, म्हणजे टोपली, घेऊन पुन्हा माळावर जातात.

मल्लिनाथ माझ्याहून सात वर्षांनी लहान. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्याचा जन्म गेला. यंत्रमाग बंद पडला की मालक आधी त्याला हाक मारत. निवृत्त झाल्यावरही त्याची सायकल सकाळी त्याच वाटेला लागते. कारखान्यांच्या मागे थोडा माळ अजून शिल्लक आहे, तिथे जनावरे चरतात. तो त्यांच्यामागून रमतगमत फिरतो आणि नऊ वाजता शुक्रवार पेठेत परत येतो. आमची घरे एकाच गल्लीत, समोरासमोर आहेत.

भाद्रपदातल्या त्या रविवारी त्याच्या पिशवीत अळंबीच्या छत्र्या होत्या. लहान, तपकिरी, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. टोपीवर बारीक खवले, मधोमध गडद ठिपका. गवतात गोल धरून उगवल्या होत्या, असे त्याने सांगितले.

“अण्णा, बघा की जरा,” तो म्हणाला. “आई आणायची ती वारुळावरची, जाडजूड, लांब देठाची. ह्या तसल्या न्हाईत. वारुळाबाहेरची छत्री आई हातात घ्यायची न्हाई.”

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या भावाला ठाऊक होते.

अक्कलकोटकडच्या आमच्या गावात आई पावसाळ्यात वारुळे शोधत हिंडायची. मला आठव्या वर्षी मठाच्या पाठशाळेत घातले. मल्लिनाथ घरी राहिला आणि तिच्या मागून फिरला. मी शब्दरूपे शिकलो, तो माती वाचायला शिकला. पुढे साऱ्या घराने ठरवून टाकले की शिकलेला मी एकटाच. हे ठरवणाऱ्यांत मीही होतो.

मी स्वतः अळंबी खात नाही. धर्मशास्त्राने वर्ज्य सांगितलेली ती वस्तू माझ्या ताटात कधी आली नाही. तो खातो, त्याला मी कधी अडवले नाही. पण त्याने विचारल्यावर मी जे करायला हवे होते ते केले नाही. मी कपाटातून जुना वैद्यकाचा ग्रंथ काढला.

त्या ग्रंथात छत्राकांविषयी एक वचन आहे. आशय असा, की पांढरी, आणि स्वच्छ जागी, लाकडावर, वेळूवर किंवा गोव्रजात उगवलेली छत्राके फारशी दोषकारक नसतात, बाकीची निंद्य. गोव्रज म्हणजे गाईंचा गोठा. मी म्हणालो, जिथे गाई चरतात तो माळही गोव्रजच. राहिले ‘श्वेत’ हे विशेषण. छत्री तर तपकिरी होती. मी ती उलटी केली. टोपीच्या खालच्या बारीक पाकळ्या पांढऱ्याशुभ्र होत्या. “हे बघ श्वेत,” मी म्हणालो.

चाळीस वर्षे मी मुलांना शिकवले की विशेषण ज्या विशेष्याचे असेल त्यालाच लावावे, आपल्याला सोयीचे वाटेल तिथे नव्हे. उत्तरपत्रिकेत कुणी असा अन्वय लावला असता तर मी त्यावर लाल रेघ मारली असती. माझ्या भावाच्या ताटावर मात्र मी तोच अन्वय लावला.

“पर आई...” मल्लिनाथ म्हणाला.

“आईला अक्षरओळख नव्हती,” मी म्हणालो.

मग तो हसून बायकोला म्हणाला, “नीलव्वा, अण्णांनी सांगितलं म्हंजे संपलं. फोडणीत लसूण जास्त घाल.”

नीलव्वाला त्या भाजीचा वासही सोसत नाही, म्हणून ती वाचली. पण तिच्याही मनात धाकधूक होती. शेजारणीने तिला सांगितले होते की पातेल्यात चांदी टाकावी, विष असेल तर चांदी काळी पडते. ती माझ्याकडे चांदी मागायला आली. मी देवघरातली अभिषेकाची पळी काढून दिली. पळी रश्श्यातून निघाली तेव्हा लखलखत होती. चांदी काळवंडते ती गंधकाने. या विषाला ती ओळखतच नाही, हे मला नंतर कळले. अज्ञानात मी देवाची पळी साक्षीला उभी केली, याचा संताप मला आजही आवरत नाही.

रविवारी संध्याकाळी आठला तो जेवला. सोमवारी सकाळी सहाला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब, पाण्यासारखे आणि न थांबणारे. नऊ वाजता आम्ही त्याला जवळच्या दवाखान्यात नेले.

तिथल्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, “बाहेरचं काही खाल्लं का?”

“न्हाई, घरचंच,” नीलव्वा म्हणाली.

वाचकहो, ही चूक आपल्याकडचीच आहे, म्हणून ती नीट समजून घ्या. आपल्या बोलण्यात ‘बाहेरचं’ म्हणजे हॉटेलातले, गाड्यावरचे. घरच्या चुलीवर, घरच्या बाईने शिजवलेले सारे ‘घरचं’, मग ते माळावरून उपटून आणलेले का असेना. नीलव्वा खोटे बोलली नाही. मी शेजारी उभा होतो, शब्दांवर ज्याचे पोट चालले असा माणूस, आणि मलाही तो शब्द खटकला नाही. पण काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि त्रास किती वाजता सुरू झाला, हे तीन प्रश्न विचारायला त्या डॉक्टरांना किती वेळ लागला असता? त्यांनी ‘गॅस्ट्रो’ असे लिहिले, म्हणजे पोटाचा साधा संसर्ग, एक इंजेक्शन दिले, साखरमिठाचे पाणी पाजायला सांगितले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

मंगळवार हा या आजारातला सर्वांत कपटी दिवस. मल्लिनाथला बरे वाटू लागले. उलट्या थांबल्या. त्याने दहीभात खाल्ला, सायकलीच्या चाकात हवा भरली, आणि ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत राहिला, “पोट धुऊन निगालं. आता धा वर्सं डाक्टर नको.” मी देवाला नारळ फोडला. त्या वेळी त्याच्या यकृतातल्या पेशी मरत होत्या.

बुधवारी सकाळी नीलव्वा धावत आली. “अण्णा, डोळे बघा ह्यांचे. हळदीवानी झाल्यात.” दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होते आणि थांबत नव्हते. रिक्षात तो दोनदा झोपला. मोठ्या रुग्णालयात एका निवासी डॉक्टर मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, “आजोबा, या आठवड्यात काही वेगळं खाल्लंत? रानातलं, शेतातलं?” एका नेमक्या शब्दाने जे तीन दिवस कुणाला सुचले नव्हते ते बाहेर आले. त्या मुलीचे नाव मी विचारले नाही. माझ्या पूजेत ती रोज असते.

मग तपासण्या झाल्या. त्या तुम्हाला ठाऊक असाव्यात म्हणून सांगतो. एलएफटी, म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्ट: यकृताची अवस्था सांगणारी रक्ताची तपासणी. त्यातला एसजीपीटी नावाचा आकडा साधारण चाळीसच्या आत असतो. मल्लिनाथचा हजारांत गेला होता. दुसरी आयएनआर: रक्त गोठायला निरोगी माणसाच्या तुलनेत किती वेळ लागतो याचे माप. रक्त गोठवणारी द्रव्ये यकृतच तयार करते, म्हणून हा आकडा वाढत गेला की यकृत हरते आहे असे समजायचे. तो एकच्या आसपास असावा. बुधवारी सव्वातीन होता.

डॉक्टरांनी मला एक गोष्ट बजावून सांगितली, तीही इथे देतो. अळंबी खाऊन तासा-दोन तासांत त्रास झाला तर माणसे घाबरून धावतात. पण सहा तास उलटून गेल्यावर सुरू झालेल्या उलट्या अधिक भयंकर असू शकतात, आणि मधला बरे वाटण्याचा दिवस ही फसवणूक असते. त्या दिवशी घरी बसू नये.

“नमुना आहे का?” डॉक्टरांनी विचारले. “उरलेली भाजी, देठ, काहीही?”

नीलव्वाने सारे सोमवारीच फेकले होते. पण माझ्याकडे एक छत्री होती. रविवारी ग्रंथाशी ताडून पाहताना मी तिचा देठ तोडून ठेवला होता आणि टोपी माझ्या लिहिण्याच्या काळ्या पाटीवर पालथी घातली होती. सोमवारी सकाळी ती उचलून पाहिली तेव्हा पाटीवर पांढरी भुकटी पडली होती. बारीक आऱ्यांचे एक नाजूक चक्र. मला ते भस्मासारखे दिसले. त्याच वेळी समोरच्या घरात मल्लिनाथ ओकत होता, आणि मी ते शुभचिन्ह मानून पुसले नव्हते.

डॉक्टरांच्या ओळखीच्या, महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाई होत्या. सुकलेली टोपी आणि देठ कागदात गुंडाळून, पाटी छातीशी धरून मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो. प्लास्टिकच्या पिशवीत नमुना सडतो, कागदातच न्यावा, हे डॉक्टरांनी बजावले होते. बाईंनी आधी पाटी पाहिली.

“हा ठसा कुणी घेतला?”

“आपोआप पडला.”

“गुरुजी, आम्ही मुलांना हेच करायला शिकवतो. हे बीजाणू आहेत, अळंबीचं बी म्हणा. त्यांच्या रंगावरून कुळाचा अंदाज येतो.” त्यांनी भिंगातून टोपी पाहिली, मग सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ. “खवल्यांची तपकिरी टोपी, देठाला न चिकटलेल्या पांढऱ्या पाकळ्या, देठावर पुसटसं कडं, ठसा पांढरा. लेपिओटा या गटातली दिसते. यातल्या काही जाती माणूस मारतात. जात मी आज छातीठोक सांगणार नाही, पण डॉक्टरांना एवढं पुरेल.”

मी त्यांना ‘श्वेत’ या शब्दाची कथा सांगितली. का सांगितली ते कळत नाही. कदाचित कुणीतरी मला शिव्या द्याव्यात म्हणून.

त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. “तपकिरी, लहान, गवतातली अशी शेकडो असतात,” त्या म्हणाल्या. “एकीसारखी दुसरी. माझं आयुष्य यात गेलं, तरी हातात धरून, डोळ्यांनी पाहून मी सांगू शकत नाही. लोक मला फोनवर फोटो पाठवून विचारतात, ‘मॅडम, खाऊ का?’ मी सगळ्यांना एकच उत्तर देते. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही, म्हणून फेका.”

त्या वाक्याने मी तिथे उभ्या-उभ्या पेटलो. त्यांच्यावर नव्हे. ज्यांचा तो विषय त्या ‘माहीत नाही’ म्हणतात, आणि ज्याचा तो विषय नाही त्या माझ्या तोंडून हे शब्द का निघाले नाहीत? विद्येने मला काय दिले होते मग?

गुरुवार. बाईंचा निरोप मिळताच डॉक्टरांनी उपचार पक्के केले. एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध, ज्याने यकृताच्या उरलेल्या पेशींना बळ मिळते, ते सलाईनमधून चालूच होते. त्याला आणखी औषधांची जोड दिली. दर तासाला साखर तपासत, कारण थकलेले यकृत रक्तात साखर सोडू शकत नाही. आयएनआर चारच्या वर गेला. पुण्याच्या रुग्णालयाशी बोलणी सुरू झाली, रुग्णवाहिका सांगून ठेवली. “उद्या सकाळचा आकडा बघू,” डॉक्टर म्हणाले. “वाढला तर निघायचं.”

भेटीच्या वेळेत मी आत गेलो. नर्स मल्लिनाथला विचारत होती, “काका, आज वार कोणता?” हा प्रश्न गमतीचा नसतो, यकृत थकले की विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात आणि माणूस भ्रमिष्ट होतो, ते नर्स दर तासाला पाहतात. मल्लिनाथने डोळे उघडले आणि कन्नडमध्ये म्हणाला, “अव्वा, बुट्टी एल्लैति?”

नर्सने माझ्याकडे पाहिले. “काय म्हणतात?”

“आईला विचारतो आहे, बुट्टी कुठे आहे.”

तो आईबरोबर होता. वारुळे शोधत होता. मी निरक्षर म्हणून जिला बाजूला सारले, तिच्याकडे तो परत गेला होता, आणि ती त्याला कुठे नेईल ते मला ठाऊक नव्हते. मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. जपाला बोटे धरली, पण मंत्राऐवजी ‘आईला अक्षरओळख नव्हती’ हेच वाक्य पुन्हा पुन्हा येत होते. शेजारी बसलेली नीलव्वा माझ्याशी बुधवार दुपारपासून एक शब्द बोलली नव्हती. तेव्हा म्हणाली, “अण्णा, ह्येनी तुमच्या सबदावर जेवले. भुकेनं न्हाई.”

यापेक्षा कठोर वाक्य मला कुणी ऐकवलेले नाही. तिने आवाजही चढवला नव्हता.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर कागद घेऊन आले. आयएनआर तीन पूर्णांक सहा. “उतरला,” ते म्हणाले. “थोडाच, पण उतरला. रुग्णवाहिका थांबवू या.” शनिवारी तीनच्या खाली. रविवारी मल्लिनाथने वार बरोबर सांगितला आणि नर्सला विचारले, “बाई, रोज रोज काय वार इचारता, क्यालेंडर न्हाई व्हय तुमच्याकडं?” नर्स हसली. नीलव्वा हसली नाही. भिंतीकडे तोंड करून रडली.

अठराव्या दिवशी तो घरी आला. बारा किलो वजन गेले होते. यकृत हळूहळू पुन्हा वाढते, असे डॉक्टर म्हणाले. इतकी क्षमा करणारा अवयव शरीरात दुसरा नाही. मी ते ऐकून घेतले. यकृताने त्याला क्षमा केली असेल, त्यावरून मला क्षमा मिळत नाही.

कृतज्ञता आहे, नाही असे नाही. ‘रानातलं?’ असे विचारणाऱ्या त्या मुलीची, प्रयोगशाळेतल्या बाईंची, ईश्वराची. पण राग ओसरलेला नाही आणि तो ओसरावा अशी मी प्रार्थनाही करत नाही. एका वाक्यात आजार ठरवणाऱ्यांवर, चांदी काळी पडते का, मुंग्या लागतात का, असल्या परीक्षा सांगत सुटणाऱ्यांवर, आणि ग्रंथ हातात आहे म्हणून समोरच्या वस्तूकडे न पाहणाऱ्या माझ्यासारख्यांवर. ग्रंथकाराचा काही दोष नव्हता. त्याने ‘श्वेत’ म्हटले होते आणि ‘बाकीची निंद्य’ असेही म्हटले होते. तो जपून बोलला होता. मी त्याच्या नावावर बेजबाबदार बोललो.

पाटी मी पुसलेली नाही. ठशावर काच बसवून ती देवघराबाहेर टांगली आहे. पळी अजून अभिषेकाला घेतलेली नाही.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघे ओट्यावर बसलो होतो. मल्लिनाथ ज्वारीची पेज पीत होता. गल्लीतले एक गृहस्थ शेताकडून आले, रुमालात काही बांधून. तपकिरी, लहान, बारीक देठाच्या छत्र्या. “गुरुजी, तुमच्या पोथ्यात असंल की,” ते म्हणाले. “खायाच्या हायत का ह्या?”

ग्रंथ आत कपाटात होता. मी उठलो नाही. छत्री उलटी करून पाकळ्याही पाहिल्या नाहीत.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो.

गृहस्थ चकित झाले. गल्लीत माझ्याकडून असे उत्तर कुणाला मिळालेले नव्हते. मल्लिनाथने वाटी खाली ठेवली, त्यांच्या हातातला रुमाल काढून घेतला, उठून भिंतीला धरत धरत उकिरड्यापर्यंत गेला आणि सारे तिथे झटकून आला. मग धापा टाकत माझ्याशेजारी बसला.

“अण्णा,” तो म्हणाला, “ह्ये तीन सबद शिकायला माझं लिव्हर लागलं व्हय तुमाला?”